स्वमग्न तरुण आणि उद्योगशिक्षण

मनुष्याची ओळख त्याच्या कामावरून व्हावी ही आपल्या समाजाची फार जुनी रीत आहे. सुतार, लोहार, कुंभार, परीट हीं नांवेंच मुळीं कामांवरून पडलीं. आणि आजही दोन अनोळखी माणसें आगगाडींत समोरासमोर बसलीं म्हणजे पांच मिनिटांच्या आंत एक दुसऱ्यास विचारतो कीं, आपण काय करतां? ज्यास या प्रश्नाचें उत्तर देतां येतें त्यास त्यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्यांच्याजवळ आयुष्यभर या प्रश्नाचें उत्तर नसतें, व ज्यांच्या वतीनें आईबापांना खालीं मान घालून 'घरींच असतो' असें म्हणावें लागतें, अशा एका वर्गाविषयीं यंदाच्या अंकांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा वर्ग म्हणजे वयांत आलेले स्वमग्न तरुण व तरुणी.

स्वमग्नता, जिला वैद्यकशास्त्रांत ऑटिझम असें नांव आहे, ती मेंदूच्या वाढीची एक निराळी तऱ्हा आहे. ती जन्मतःच मनुष्याबरोबर येते व जन्मभर त्याच्याबरोबर राहते. हा सांथीचा रोग नव्हे, हें वेड नव्हे, आणि कोणाच्या पातकाचें फळ तर मुळींच नव्हे. एके काळीं पाश्चात्य देशांतील कांहीं विद्वानांनीं, आईच्या मायेंत ओलावा नसल्यामुळें मूल असें होतें, असा सिद्धांत मांडला होता, व त्यापायीं कित्येक निरपराध माता मनांतल्या मनांत झुरत राहिल्या; तो सिद्धांत पुढें साफ खोटा ठरला. स्वमग्न मुलास समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव, थट्टा किंवा आडून केलेलें बोलणें चटकन् उमगत नाहीं. ठरलेला क्रम मोडला कीं तें अस्वस्थ होतें. मोठा आवाज, लख्ख उजेड, गर्दींतील धक्के हीं कित्येकांस सोसवत नाहींत. कोणी अखंड बोलतो, कोणी मुळींच बोलत नाहीं. कोणी गणितांत सर्वांच्या पुढें, तर कोणास सदऱ्याच्या गुंड्या लावण्यासही महिनोगणती शिकवावें लागतें. म्हणून एका स्वमग्न मुलास पाहिलें म्हणजे सर्वांची पारख झाली, असें कोणी समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक मनुष्य स्वमग्न होता. हेंच प्रमाण धरलें तर हजार मुलांमागें अशीं सात-आठ मुलें येतात. तीं आपणांस दिसत नाहींत, एवढ्यावरून तीं नाहींत असें ठरत नाहीं. कोठें तरी मागल्या बांकावर, नाहीं तर घराच्या मागल्या खोलींत, तीं बसलेलीं असतात.

या विषयाच्या इतिहासांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती आमच्या सर्व वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, व तेव्हांपासून या अवस्थेस वैद्यकशास्त्रांत स्वतंत्र स्थान मिळालें. त्या ११ मुलांतील पहिला मुलगा डोनल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी प्रांतांतील फॉरेस्ट नांवाच्या लहान गांवचा. तिसऱ्या वर्षीं त्याला घरापासून दूर एका संस्थेंत ठेवण्यांत आलें होतें; परंतु सुमारें वर्षभरानें आईबापांनीं त्याला परत आणलें. पुढें कांहीं वर्षें तो गांवाजवळच्या एका शेतकरी दांपत्यापाशीं राहिला. या मुलास मोजण्याचा विलक्षण नाद होता. शेतकऱ्यानें त्याला त्याबद्दल दटावलें नाहीं. मक्याच्या ओळी मोजावयाच्या तर त्या नांगर धरून मोज, असें त्यानें ठरवून दिलें. त्याला मापें घेण्याचा छंद होता, तेव्हां विहीर खणावयास लावून तिची खोली किती झाली तें सांगण्याचें काम त्याच्याकडे दिलें. डॉक्टर कॅनर तेथें गेले तेव्हां या अशिक्षित म्हणाव्या अशा जोडप्याचें शहाणपण पाहून त्यांस मोठें नवल वाटलें. पुढें डोनल्डनें महाविद्यालयाचें शिक्षण पुरें केलें, गांवच्या बँकेंत साठांहून अधिक वर्षें काम केलें, तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, एकटा देशोदेशीं प्रवास करी. आणि २०२३ सालीं वयाच्या ८९ व्या वर्षीं तो वारला.

या गोष्टींत औषधाचा चमत्कार कोठेंही नाहीं. डोनल्ड जन्मभर स्वमग्नच राहिला. त्याला घडविलें तें दोन गोष्टींनीं: ज्याला इतर लोक खोड म्हणत होते तिला शेतकऱ्यानें कामाचें वळण लावलें, आणि गांवानें त्याला आपला मानून घेतलें. मात्र येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ती बँक त्याच्या आजोळच्या घराण्याशीं संबंध असलेली होती. सर्वच मुलांच्या आजोळीं बँक नसते. ज्याच्या आजोळीं बँक नाहीं त्यानें काय करावें, हाच आजच्या लेखाचा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न जगांत ज्या कांहीं धर्मार्थ संस्था करीत आहेत त्यांची ओळख आम्ही करून देणार आहों.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. मूल लहान असेपर्यंत त्याच्यासाठीं कांहीं ना कांहीं सोय सांपडते. शहरांतून विशेष शाळा आहेत. बोलण्याचें शिक्षण देणारे, हातापायांचे व्यायाम शिकविणारे लोक आहेत. शालान्त परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक यांची सवलत आहे. परंतु अठरावें वर्ष उलटलें कीं जणूं रस्ता संपतो. शाळेचा दाखला हातीं येतो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोठें जावयाचें हें ठाऊक नसतें. ज्या मुलास क्रमाची व वेळापत्रकाची सर्वांहून अधिक गरज, त्याच्याच दिवसांतून वेळापत्रक नाहींसें होतें. मग शिकलेलें विसरलें जातें, चिडचिड वाढते, आणि आईबाप म्हातारे होत जातात. ही दशा केवळ आपल्याच देशांत आहे असेंही नाहीं. इंग्लंडांत सर रॉबर्ट बकलंड यांच्या अध्यक्षतेखालीं झालेल्या चौकशीचा वृत्तांत २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दहा स्वमग्न प्रौढांपैकीं सुमारें तिघेच नोकरींत असल्याचें नमूद आहे. जेथें शाळा, पैसा व कायदा या तिन्हींची अनुकूलता आहे तेथें ही स्थिति, मग इतरत्र काय असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां उपायाकडे वळूं. डेन्मार्क देशांत थॉर्किल सोन नांवाचे एक गृहस्थ तारायंत्र व दूरध्वनीच्या धंद्यांतील एका कंपनींत अधिकारी होते. त्यांचा मुलगा लहानपणींच स्वमग्न असल्याचें कळलें. मुलाचें निरीक्षण करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या बारकाईनें हा मुलगा आंकडे व नकाशे ध्यानांत ठेवतो ती बारकाई आपल्या कंपनींत पैसे देऊनही मिळत नाहीं. त्यांनीं घर गहाण टाकून २००४ सालीं 'स्पेशालिस्टर्न' ही संस्था काढली. या डॅनिश शब्दाचा अर्थ 'तज्ज्ञ मंडळी' असा आहे. 'अनाथ', 'दुबळे', 'दुर्दैवी' यांतील एकही शब्द त्यांनीं आपल्या पाटीवर घातला नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. संगणकाच्या आज्ञावलींत चुका शोधणें हें काम असें आहे कीं, तींच तींच पानें शंभर वेळां तपासावीं लागतात. सामान्य मनुष्य दहाव्या वेळीं कंटाळतो व चूक नजरेआड करतो. स्वमग्न तरुणांतील कित्येकांस त्याचा कंटाळा येत नाहीं. संस्थेनें या गुणास गिऱ्हाईक मिळवून दिलें. पुढें तिचेंच एक धर्मादाय प्रतिष्ठान झालें व अनेक देशांत तिच्या शाखा निघाल्या.

या संस्थेनें मुलाखतीची रीतही बदलली. नेहमींची मुलाखत कसली परीक्षा घेते? उमेदवारानें हसून नमस्कार करावा, डोळ्यांस डोळा भिडवावा, स्वतःची थोडी बढाई मारावी, आणि विचारलेल्या प्रश्नांतील न विचारलेला अर्थ ओळखावा. स्वमग्न मनुष्यास नेमक्या याच गोष्टी जड जातात, आणि जें काम करावयाचें त्याच्याशीं यांतील एकीचाही संबंध नसतो. म्हणून तेथें लेगो नांवाच्या खेळण्याच्या ठोकळ्यांचीं लहान यंत्रें उमेदवारांकडून बांधवून व चालवून घेत, त्यांचें काम काळजीपूर्वक न्याहाळीत, आणि मग कोणता मनुष्य कोणत्या कामास योग्य हें ठरवीत. गवयाची परीक्षा गाण्यानें व सुताराची रंध्यानें घ्यावी हें आपणांस पटतें. मग कारकुनाची किंवा तपासनिसाची परीक्षा गोड बोलण्यावरून कां घ्यावी?

संस्थेचें बोधचिन्ह डँडेलियन नांवाच्या एका पिवळ्या रानफुलाचें आहे. तिकडे हिरवळींत हें रोप उगवलें कीं माळी तण म्हणून उपटतो. परंतु त्याच पाल्याची भाजी होते व तें औषधीही मानलें जातें. आमच्या वाचकांस टाकळ्याची आठवण व्हावी. पावसाळ्यांत रस्त्याच्या कडेला माजलेला टाकळा शहरी मनुष्यास गवत वाटतो. गांवची आजीबाई मात्र तोच ओटींत भरून आणते. रोप बदललेलें नसतें. पाहणाऱ्याचें ज्ञान कमी किंवा अधिक असतें.

हें लोण आपल्या देशांतही आलें आहे. सॅप या जर्मन कंपनीनें आपल्या बंगळूर येथील कचेरींत स्वमग्न तरुणांस आज्ञावली तपासण्याच्या कामावर घेऊन पाहिलें. अनुभव चांगला आला, व २०१३ सालीं तिनें स्पेशालिस्टर्नच्या सहकार्यानें हाच उपक्रम जगभर चालविण्याचें जाहीर केलें. एका जर्मन कंपनीला डॅनिश संस्थेच्या वाटेवर नेणारा पहिला अनुभव भारतांतील मुलांनीं दिला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु येथेंच एका गैरसमजापासून सावध राहिलें पाहिजे. १९८८ सालीं निघालेल्या 'रेन मॅन' या इंग्रजी चित्रपटापासून लोकांची अशी समजूत झाली आहे कीं, प्रत्येक स्वमग्न मनुष्याच्या पोटांत एखादी अलौकिक विद्या दडलेली असते. तशी ती थोड्यांच्याच ठायीं असते. बहुतेकांच्या ठायीं नसते, जशी ती आपल्या बहुतेकांच्या ठायींही नाहीं. ज्याला गणिताची दैवी देणगी आहे त्यालाच काम द्यावयाचें असेल, तर तो न्याय झाला नाहीं. ती केवळ हिऱ्यांची वेंचणी झाली. म्हणून दुसरें एक उदाहरण सांगतों. अमेरिकेंत फ्लोरिडा प्रांतांतील पार्कलंड गांवीं २०१३ सालीं एका बापानें व भावानें मिळून आपल्या घरच्या स्वमग्न तरुणाकरितां मोटारी धुण्याचा कारखाना काढला. 'राइझिंग टाइड' हें त्याचें नांव. तेथील बहुतेक कामगार स्वमग्न आहेत. मोटार धुणें हें काम आपण एका शब्दांत सांगतों. त्यांनीं त्याचे ४६ टप्पे पाडले, आणि कोणता फडका कोणत्या कांचेवर कितव्या वेळीं फिरवावयाचा हें ठरवून दिलें. ठरलेला क्रम न चुकतां पाळणें हा ज्यांचा स्वभाव, त्यांच्या हातून मोटारी चांगल्या धुतल्या गेल्या, आणि गिऱ्हाइकें पुन्हां पुन्हां येऊं लागलीं.

टप्पे पाडण्याची ही युक्ति म्हणजेच या शिक्षणाचें सार होय. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांत एरिक शॉप्लर यांनीं सुरू केलेल्या व १९७२ पासून त्या प्रांतानें सर्वत्र चालविलेल्या 'टीच' नांवाच्या पद्धतींत विद्यार्थ्याच्या पुढें काम अशा रीतीनें मांडतात कीं, कोणी एक शब्दही न बोलतां त्याला चार गोष्टी डोळ्यांनीं दिसाव्या: काम कोणतें, तें किती, तें संपलें हें कशावरून ओळखावें, आणि नंतर काय. डावीकडे करावयाच्या वस्तूंची टोपली, समोर काम, उजवीकडे पुऱ्या झालेल्या वस्तूंची टोपली. आणि भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांनीं दाखविलेला. जो मुलगा तोंडी हुकुमांच्या माऱ्यानें गोंधळून जातो तोच या मांडणींत तासन्‌तास स्वस्थपणें काम करतो. आम्ही शिक्षक आहों. वर्गांत 'नीट लक्ष द्या' असें दिवसांतून वीस वेळां म्हणतों. लक्ष कोठें द्यावयाचें हें दाखवून देण्याची कला या लोकांपासून आम्हांसही शिकतां येईल.

आणखी एक नमुना रुग्णालयांतला आहे. सिनसिनाटी शहरच्या मुलांच्या रुग्णालयांत अपघात-विभागाच्या प्रमुख परिचारिका एरिन रीहल यांस नेहमीं एक अडचण येई. औषधें व साहित्य कपाटांतून भरून ठेवण्याच्या कामावर माणूस टिकत नसे. त्यांनीं १९९६ सालीं बौद्धिक उणीव असलेल्या तरुणांस हें काम शिकविण्याची योजना काढली. तिला 'प्रोजेक्ट सर्च' म्हणतात. त्यांत शाळेचें शेवटचें वर्ष वर्गाऐवजीं प्रत्यक्ष कामाच्या जागीं जातें. वर्षांत तीन निरनिराळ्या विभागांतून उमेदवारी करावी लागते, व शिक्षक तेथेंच हजर असतो. आज अनेक देशांत ती चालते व तींत स्वमग्न तरुणही असतात. पोहणें शिकावयाचें तर पाण्यांत उतरावें लागतें. दहा वर्षें कागदी पिशव्या चिकटविण्याचा सराव करवून मग नोकरीस पाठविण्यापेक्षां नोकरीच्या जागींच सोबतीस एक शहाणा मनुष्य देऊन शिकविणें अधिक फलदायी होतें, हें यावरून दिसून येईल. हा सोबती प्रथम दिवसभर जवळ असतो, मग अर्धा दिवस, मग आठवड्यांतून एकदां. आणि आपली गरज उरूं न देणें हेंच त्याच्या कामाचें यश.

आतां या बाबतींत घेतले जाणारे आक्षेप पाहूं. पहिला असा कीं, धडधाकट पदवीधर नोकरीविना हिंडत असतां स्वमग्नांस काम कोठून द्यावें? हा आक्षेप वरकरणी सबळ दिसतो. परंतु स्वमग्न प्रौढ घरीं बसला म्हणजे तो एकटाच बसत नाहीं. त्याच्या सोबतीस घरांतील आणखी एक माणूस, बहुधा आई, नोकरी सोडून बसते. एकास काम शिकविल्यानें दोघांचे हात मोकळे होतात. शिवाय ज्या कामावर माणूस टिकत नाहीं अशीं कामें प्रत्येक दुकानांत, दवाखान्यांत व ग्रंथालयांत असतात. औषधांच्या दुकानांत माल ओळीनें व मुदतीप्रमाणें लावणें, ग्रंथालयांत पुस्तकें क्रमांकानें परत ठेवणें, कचेरींत जुने कागद यंत्रावर उतरवून घेणें, या कामांस स्थिर बुद्धीचा व नियमित येणारा मनुष्य हवा असतो. आणि नियमितपणांत स्वमग्न मनुष्यास मागें टाकणारा क्वचितच मिळेल.

दुसरा आक्षेप घरांतूनच येतो, आणि तो प्रेमापोटीं येतो, म्हणून त्याचें उत्तर सौम्यपणें दिलें पाहिजे. 'आमच्या घरीं खाण्यापिण्यास कमी नाहीं. त्या बिचाऱ्यास कष्ट कशाला?' असें कित्येक पालक म्हणतात. परंतु काम हें केवळ पोटासाठीं नसतें. आपली कोणास तरी गरज आहे, आपण उद्यां गेलों नाहीं तर कोणाचें तरी अडेल, ही जाणीव मनुष्यास जिवंत ठेवते. आणि खाणेंपिणें देणारे हात किती दिवस पुरणार? 'आमच्या मागें याचें कसें होईल' हा प्रश्न ज्यांच्या उशाशीं रोज रात्रीं बसलेला असतो त्या आईबापांस आम्ही उपदेश करीत नाहीं; एवढेंच सांगतों कीं, बँकेंतील ठेव संपूं शकते, नातेवाइकांचें मन बदलूं शकतें, पण हातीं असलेलें काम व बसमधून एकट्यानें घरीं येण्याची संवय हीं त्याच्यापासून कोणी काढून घेऊं शकत नाहीं.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नव्हे, तर आपल्या दानशीलतेची आहे. दिवाळी आली कीं विशेष मुलांनीं रंगविलेल्या पणत्या आपण विकत घेतों, आणि वर्षभराचें पुण्य पदरीं पडल्याच्या समाधानानें घरीं येतों. पणत्या घेऊं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जी वस्तु कींव करून एकदां घेतली जाते तिच्यावर कोणाचा संसार चालत नाहीं. जी चांगली म्हणून दुसऱ्यांदा घेतली जाते तिच्यावरच चालतो. म्हणून संस्थांनीं माल असा करावा कीं त्याला दयेची चिठ्ठी लावावी लागूं नये, आणि कामाचें मोल 'उत्तेजनार्थ' म्हणून न देतां मजुरी म्हणून द्यावें. महिनाभर खपलेल्या हातावर चार नोटा ठेवून त्याची पाठ थोपटणें हा सन्मान नव्हे.

वाचकांच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. डेन्मार्कांत मुलाच्या बापानें संस्था काढली. फ्लोरिडांत बापानें व भावानें कारखाना काढला. आपल्या देशांतही तेंच. दिल्लींत मेरी बरुआ यांनीं १९९१ सालीं 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापिली, ती आपल्या मुलापायीं. ती आज लहानांबरोबर प्रौढांच्या कामकाजाच्या शिक्षणाचाही विभाग चालविते. मुंबईंत १९४४ सालीं बौद्धिक उणीव असलेल्या मुलांकरितां जय वकील यांच्या नांवाची शाळा निघाली, ती मुलीपायीं. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी झाली आहे. या आईबापांचें धैर्य वंद्य आहे. परंतु ज्याच्या घरास आग लागली त्यानेंच पाण्याची घागर आणावी व शेजाऱ्यांनीं माडीवरून पाहावें, ही समाजाला शोभा देणारी गोष्ट नव्हे.

निदान आपल्यासारख्या शाळांनीं तरी माडीवर उभें राहूं नये. मिशनच्या शाळांनीं महाराष्ट्रांत अक्षरज्ञानाबरोबरच सुतारकाम, विणकाम, छापखान्याचें काम हीं शिकविलीं, आणि हातांनीं काम करणें हलकें नव्हे हें एका फार मोठ्या समाजास पटविलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें ज्या स्त्रियांस जगानें टाकलें होतें त्यांच्या हातीं माग, शेत व छापखाना दिला, आणि अंध स्त्रियांसही शिक्षणावांचून ठेवलें नाहीं. आमचा प्रभु स्वतः सुताराच्या घरीं वाढला व संत पौल तंबू शिवून पोट भरी. हा वारसा ज्या शाळांचा आहे त्यांनीं स्वमग्न मुलास केवळ वर्गांत बसूं दिलें एवढ्यावर थांबूं नये. शाळेचें ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, भांडार या ठिकाणीं त्याला आठवीनववीपासूनच नेमून दिलेलें खरें काम द्यावें. आणि शाळा सोडतांना गुणपत्रिकेबरोबर, याला कोणतें काम येतें व तें कोणत्या रीतीनें सांगितलें असतां येतें, असा एक कागद द्यावा.

कायदाही आतां पाठीशीं आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचें नांवही नव्हतें. १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यांत तें आलें. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश करून सरकारी जागांपैकीं शेंकडा ४ राखून ठेवण्यास सांगितलें. त्यांतील शेंकडा १ जागा स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांमध्यें मिळून आहे. वांटा लहान आहे हें खरें. पण दार उघडें आहे, आणि त्यांतून आंत जाण्यास जें कौशल्य लागतें तें कायदा देऊं शकत नाहीं. तें घरानें, शाळेनें व संस्थेनें द्यावयाचें आहे.

पालकांनो, आपल्यांपैकीं ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांस आमची विनंति आहे कीं, त्याला लपवूं नका. प्रमाणपत्र वेळेवर काढून घ्या. दहाव्या वर्षापासून त्याच्याकडे घरांतील एक काम कायमचें सोंपवा, मग तें धान्य निवडण्याचें असो, कपड्यांच्या घड्या घालण्याचें असो, कीं वाण्याकडून यादीप्रमाणें सामान आणण्याचें असो. आणि तें काम त्याच्या हातून वांकडें झालें तरी दुसऱ्यानें गुपचूप सरळ करूं नका. अमेरिकेंतील प्रसिद्ध पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न. त्या तेरा वर्षांच्या असतां त्यांच्या आईनें त्यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे कामाला लावलें. पुढें त्यांनीं घोड्यांचे तबेले झाडले. आणि आज त्या विद्यापीठांत प्राध्यापिका असून त्यांनीं आंखलेल्या गोठ्यांतून अमेरिकेंतील असंख्य गुरें शांतपणें नेलीं जातात. त्या थोर झाल्या म्हणून आम्ही हें सांगत नाहीं. त्या तेराव्या वर्षीं कामाला लागल्या म्हणून सांगतों. ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं त्या पालकांसही आमचें मागणें आहे. आपल्यांत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत. वर्षांतून एका तरुणास तीन महिने उमेदवार म्हणून ठेवून पाहा. हुकूम एका वेळीं एक, स्पष्ट व सरळ शब्दांत द्या. थट्टेनें 'आतां सगळें दुकानच डोक्यावर घे' असें म्हणूं नका, कारण तो तें खरें समजेल.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं तर याहून मोठी सत्ता आहे. वर्गांत जो मुलगा एकटाच बसतो, एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगतो, घंटेचा आवाज झाला कीं कानांवर हात ठेवतो, त्याची नक्कल करून तुम्ही पांच मिनिटें हंशा पिकवाल. परंतु त्या पांच मिनिटांनीं त्याच्या मनांत बसलेली माणसांची भीति पुढें पंचवीस वर्षें त्याला कोणत्याही कामाच्या जागीं टिकूं देणार नाहीं. उलट, तुमच्यांतील एकानें जरी त्याला रोज 'चल, आतां प्रयोगशाळेंत जावयाचें आहे' असें सांगून बरोबर नेलें, तरी संस्थांचे शिकलेले सोबती पुढें जें काम करतात त्याचा पहिला धडा तुम्हीं येथेंच दिला असें होईल. उद्यां तुम्ही कचेरींत वरच्या जागेवर बसाल व उमेदवार निवडाल. त्या दिवशीं तुमच्या डोळ्यांकडे न पाहणारा एखादा तरुण समोर आला, तर त्याच्या हातांकडे पाहण्याची आठवण तुम्हांस राहो.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत आहे. दिवस मावळावयास तासभर उरला असतां तो पुन्हां बाजारांत जातो व तेथें उभ्या असलेल्या माणसांस, सारा दिवस तुम्ही रिकामे कां राहिलांत, असें विचारतो. तीं माणसें आळशी नव्हतीं, रोगी नव्हतीं; त्यांस कोणी बोलाविलेंच नव्हतें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. धन्यानें त्यांस मळ्यांत पाठविलें, आणि संध्याकाळीं भिक्षा घातली नाहीं. पुरी मजुरी दिली. आपल्या गांवाच्या बाजारांतही अशीं माणसें सकाळपासून उभीं आहेत. त्यांपैकीं कित्येकांस बोलतां येत नाहीं, म्हणून तीं आपण होऊन विचारावयास येणार नाहींत. त्यांच्याकडे आपणांसच जावें लागेल. आणि मळ्यांत काम तर पुष्कळ पडलें आहे.